अंजनेरीला दोर कशाला?

‘ज्यांना चढता येत नाही, त्यांनी देवाचं तोंड बघायचं नाही का?’ अंजनेरी-ब्रह्मगिरीच्या रोपवेला कुणी विरोध केला की हा प्रश्न हमखास पुढे येतो. विचारणारा बहुधा चाळिशीतला आणि चांगला धडधाकट असतो. विचारताना त्याच्या डोळ्यांपुढे त्याची म्हातारी आई असते, निदान तो तसं सांगतो. प्रश्नाची ठेवणच अशी आहे की उत्तर देणारा आपोआप निष्ठुर ठरावा. आमच्या बाजूची बरीच मंडळी इथेच गडबडतात. कुणी घाईघाईने गिधाडांकडे वळतं, कुणी हवामानबदलावर जातं, आणि आईचा प्रश्न तसाच पडून राहतो. मी तिथूनच सुरुवात करतो, कारण रोपवेच्या बाजूने केला जाणारा हा एकच युक्तिवाद वजनदार आहे. बाकीचे त्याच्या आडोशाला उभे आहेत.

आधी प्रस्तावाबद्दल थोडं. केंद्र सरकारने २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात ‘पर्वतमाला’ योजना जाहीर केली. डोंगराळ भागात रोपवे उभारण्याची ही योजना. तिच्यात त्र्यंबकेश्वरचा ब्रह्मगिरी आणि शेजारचा अंजनेरी यांना जोडणारा सुमारे पावणेसहा किलोमीटरचा रोपवे आला, खर्चाचा अंदाज पावणेचारशे कोटींच्या घरातला. त्याआधी, २०२१ च्या सुमारास, मुळेगावच्या बाजूने अंजनेरीवर रस्ता नेण्याची टूम निघाली होती. नाशिककरांनी आरडाओरडा केला आणि ती मागे पडली. रस्ता गेला आणि दोर आला. मधल्या काळात डोंगर तोच राहिला: २०१७ पासून ‘संवर्धन राखीव क्षेत्र’ म्हणून जाहीर झालेला, म्हणजे राज्य सरकारनेच स्वतःच्या सहीने जपायला घेतलेला.

आता आईकडे येऊ.

म्हातारी माणसं आज अंजनेरीवर जातच नाहीत, असं या प्रश्नात गृहीत धरलेलं असतं. हनुमान जयंतीला पायथ्याशी जाऊन उभं राहावं. पदर खोचून, चपला हातात घेऊन चढणाऱ्या बाया दिसतील. सत्तरी ओलांडलेले, धोतर गुडघ्यापर्यंत घेतलेले बाबा दिसतील. दर पन्नास पायऱ्यांना ते टेकतात, तंबाखू मळतात आणि पुढे निघतात. मागून धापा टाकत येतात ते शहरातले तिशीचे लोक. ही म्हातारी मंडळी डोंगराला घाबरत नाहीत. त्यांची अडचण वेगळी आहे. घळीतल्या पायऱ्या कुठे निसटल्या आहेत, कुठे शेवाळल्या आहेत. वाटेवर प्यायचं पाणी मिळेल याची खात्री नाही. बाईमाणसाला आडोसा नाही. छातीत कळ आली तर खाली आणायला स्ट्रेचर आणि चार माणसं मिळतील की नाही, हे नशिबावर. यातली एकही गोष्ट करायला पावणेचारशे कोटी लागत नाहीत. आईची इतकी काळजी असणाऱ्यांनी आजवर या चार गोष्टींसाठी एखादा मोर्चा काढल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

ज्यांना खरोखरच चालता येत नाही, त्यांचं काय? हा खरा प्रश्न आहे आणि त्याला टाळाटाळीचं उत्तर देऊ नये. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. सार्वजनिक इमारती दिव्यांगांना वापरता येतील अशा करण्यासाठी त्याने पाच वर्षांची मुदत घातली होती. नियम २०१७ मध्ये निघाले, म्हणजे मुदत कधीच सरली. मग चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला आपल्या जिल्ह्यातल्या किती तहसील कचेऱ्यांत एकट्याने शिरता येतं? किती एसटी बसमध्ये चढता येतं? नाशिकच्या रामकुंडावर पाण्यापर्यंत जाता येतं का? रोजच्या जगण्यातल्या या पायऱ्या तशाच ठेवायच्या आणि डोंगराच्या कड्यावर पोचल्यावर एकदम दिव्यांगांचा कळवळा आणायचा, हे मला पटत नाही. त्यांचं नाव पुढे करून दुसऱ्याच कुणाची तरी सोय लावली जाते आहे, असा संशय घ्यायला पुरेशी जागा आहे.

शिवाय दोराने वर नेलेली आई उतरणार कुठे? अंजनेरी म्हणजे एकच टोक असलेला डोंगर नाही. घळीतून वर गेलं की पहिलं पठार लागतं, तिथे अंजनीमातेचं मंदिर. पुढे पावलाच्या आकाराचं तळं, मग सीतेची गुंफा, मग दुसरी चढण, आणि वरच्या पठारावर पुन्हा मंदिर. स्थानक खालच्या पठारावर केलं तर म्हातारीला पुढची, अधिक उभी चढण पायीच चढावी लागणार. वरच्या पठारावर केलं तर अख्खं काँक्रीट डोंगराच्या सगळ्यात नाजूक जागी जाऊन बसणार. गिरनारला हे घडून गेलं आहे. तिथला रोपवे ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाला. तो अंबाजीच्या टुकापर्यंत जातो. आपल्याकडचे दत्तभक्त जातात ते दत्तात्रेयाच्या शिखरावर. ते त्याच्या पुढे, हजारो पायऱ्या उतरून-चढून. खाली ज्यांना दहा हजार पायऱ्यांची भीती वाटली होती, त्यांना दोराने अर्ध्या वाटेवर नेऊन उरलेल्या पायऱ्यांपुढे उभं केलं. गिरनारही अभयारण्यच, तिथेही कड्यांत गिधाडं. आणि तिथल्या प्लास्टिकच्या कचऱ्यावरून गुजरात उच्च न्यायालयाला प्रशासनाचे कान उपटावे लागले, तेही रोपवे झाल्यानंतर.

‘मग सप्तशृंगीला ट्रॉली झाली तेव्हा कुठे होतात?’ हा पुढचा टोमणा. माझा सप्तशृंगीच्या ट्रॉलीला विरोध नव्हता, आजही नाही. वणीच्या गडावर डांबरी रस्ता आधीच होता. वर गाव होतं, धर्मशाळा होत्या, दुकानं होती, पाण्याची आणि मुक्कामाची व्यवस्था शतकभर वाढत आलेली होती. देवी कड्याच्या पोटात, आणि गाव ते देवी एवढ्याच पाचेकशे पायऱ्यांचा प्रश्न होता. २०१८ मध्ये सुरू झालेली ट्रॉली तेवढाच टप्पा पार करते. गर्दी तिथे होतीच, ट्रॉलीने ती फक्त उचलून धरली. अंजनेरीच्या पठारावर गाव नाही, गटार नाही, वीज नाही, रात्री राहणारं माणूस नाही. तिथे दोर गर्दीची सोय करणार नाही, गर्दी घेऊन येणार आहे. दोन्ही ठिकाणी देवी आहे आणि दोन्ही ठिकाणी उंची आहे, एवढ्यावरून एकाचा दाखला दुसऱ्याला देता येत नाही.

आता आमच्या बाजूच्या एका भूमिकेबद्दल. ती मला रोपवेवाल्यांच्या भूमिकेइतकीच खटकते. ‘घाम गाळल्याशिवाय डोंगर भेटत नाही’, ‘चढता येत नसेल त्याने खालूनच नमस्कार करावा’, असं गिर्यारोहक मंडळी मोठ्या रुबाबात बोलतात. हे घामाचं नवं सोवळं आहे. सह्याद्रीतले डोंगर कुणा ट्रेकरच्या बापाचे नाहीत. कळसूबाई, रतनगड, अलंग, मदन, कुलंग हे महादेव कोळ्यांचे आणि ठाकरांचे रोजचे डोंगर. लाकूडफाटा, मध, हिरडा आणायला, गुरं चारायला ती माणसं जिथे अनवाणी जातात, तिथे आपण तीन हजारांचे बूट घालून जातो आणि ‘जिंकला’ म्हणून फोटो टाकतो. राघोजी भांगऱ्याने याच कडेकपारींच्या जोरावर इंग्रजांना झुलवलं. १८४८ मध्ये तो ठाण्याला फासावर गेला. त्याच्या वाटा आज आपल्या ‘ट्रेक रूट’ झाल्या आहेत. तेव्हा डोंगर कोणाचा, या वादात दम लागेपर्यंत चढणाऱ्यालाही फारसा आवाज नाही. माझा विरोध डोंगरावर कोणी यावं यावरून नाही. एका वेळी किती जणांनी यावं, आणि त्यांच्या मागे काय काय वर येणार, यावरून आहे.

भक्तीचंही थोडं बोलू, कारण रोपवेच्या बाजूने ती फार उदारपणे वापरली जाते. त्र्यंबकची परंपरा ब्रह्मगिरीला काय मागते? श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी हजारो माणसं ब्रह्मगिरीची फेरी करतात. रात्रीच निघतात, पावसात भिजत, चिखल तुडवत, वीसेक किलोमीटर. मोठी फेरी करणारे त्याच्या दुप्पट. फेरी म्हणजे डोंगराला उजवी घालणं. त्या रात्री बहुतेकांना माथा गाठायचा नसतोच. वारकरी संप्रदायातली कथा तर सगळ्यांना पाठ आहे: विठ्ठलपंत मुलाबाळांसह ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करत होते, वाघ आडवा आला, पळापळ झाली, निवृत्ती वाट चुकून अंजनी पर्वतातल्या गुहेत शिरला आणि तिथे त्याला गहिनीनाथ भेटले. त्या निवृत्तीचा उपदेश पुढे ज्ञानदेवाला मिळाला. म्हणजे परंपरेच्याच सांगण्यानुसार, महाराष्ट्राच्या सगळ्यात मोठ्या गुरुपरंपरेतला एक दुवा या जंगलात वाट चुकल्यामुळे जुळला. वाघ आता उरला नाही, बिबट्या आहे. तोही घालवून मग कुठली परंपरा जपली जाणार?

यावर एक चतुर प्रतिप्रश्न येतो. ब्रह्मगिरीच्या पायऱ्या तरी कुठे स्वयंभू आहेत? बरोबर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कराचीच्या शेटजींनी चाळीस हजार रुपये खर्चून त्या बांधल्या. तेव्हाही ती ‘सोय’च होती. पण पायरीला स्वतःचा एक वेग असतो. तिच्यावरून एका तासात जेवढी माणसं दमत, थांबत, एकमेकांना वाट देत जाऊ शकतात, तेवढीच जातात. दोराचा वेग कंत्राटाच्या हिशेबाने ठरतो. समजा तासाला फक्त पाचशे माणसं वर सोडली आणि रोपवे आठ तास चालला, तर दिवसाला चार हजार. पावणेचारशे कोटी गुंतवणारा याहून कमी कशाला सोडेल? दर दिवसाला हनुमान जयंती करायची ही योजना आहे.

रोपवेवाल्यांचा अभिमानाचा मुद्दा असा की दोर हवेत असतो, जमिनीला फक्त खांब टेकतात, रस्त्यापेक्षा नुकसान कितीतरी कमी. खांबांपुरतं हे खरं आहे. रस्त्याच्या मानाने दोर सौम्य, हे मी बिनशर्त मान्य करतो. पण या हिशेबातून वरचं स्थानक वगळलेलं असतं. लोक खांब बघायला जात नाहीत, माथ्यावर जातात. माथ्यावर काय आहे? बेसॉल्टच्या कातळावर काही ठिकाणी वीतभर, काही ठिकाणी बोटभर माती. उन्हाळ्यात ती करपलेली, मेलेली दिसते. जून लागला की त्याच मातीतून कंद फुटतात आणि तीन महिन्यांत आपला सगळा संसार उरकून पुन्हा जमिनीत जातात. अंजनेरीच्याच नावाने २००६ साली वनस्पतिशास्त्रात नोंदलं गेलेलं कंदीलपुष्प, सेरोपेजिया अंजनेरिका, इथलंच. कंदीलपुष्पाची गंमत अशी की त्याचं फूल चिमुकल्या माश्यांना नळीत शिरू देतं, आतल्या केसांनी काही काळ अडकवून ठेवतं आणि परागांचं ओझं अंगावर देऊन मग सोडतं. जगात फार थोड्या जागी उरलेली, अतिसंकटग्रस्त मानली जाणारी ही वनस्पती. ती कुणी मुद्दाम उपटण्याची गरज नाही. सेल्फीसाठी वाटेच्या बाहेर टाकलेली दहा पावलं पुरतात. आणि तिचा हंगाम पावसाळा, म्हणजे हिरव्या डोंगरासाठी शहर उलटतं तोच.

गिधाडांचा हिशेब याच्या उलटा, आणि म्हणून रोपवेला आणखी अडचणीचा. गिधाडं पावसाळा सरला की घरट्यांकडे वळतात. नोव्हेंबरपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत त्यांची अंडी-पिलं कड्यांच्या कपारींत असतात. पावसाळ्यात त्र्यंबकच्या डोंगरांवर वारा असा सुटतो आणि धुकं असं दाटतं की दोर कित्येक दिवस बंद ठेवावा लागेल. म्हणजे तो जोमाने चालणार कोरड्या महिन्यांत, नेमका गिधाडांच्या विणीच्या काळात, नेमका त्यांच्या उड्डाणाच्या पट्ट्यात. लांब चोचीचं गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं. डायक्लोफेनॅक या गुरांच्या औषधाने नव्वदच्या दशकापासून देशातली गिधाडं नव्वद टक्क्यांहून अधिक संपवली. औषधाच्या जनावरांसाठीच्या वापरावर २००६ मध्ये बंदी आली, पण गेलेली संख्या भरून यायला अशा प्रजातीला पिढ्या लागतात. त्र्यंबक तालुक्यातच हरसूलकडच्या खोरीपाड्याला गावकरी आणि वनखातं मिळून ‘गिधाड रेस्टॉरंट’ चालवतात. मेलेली जनावरं तिथे गिधाडांसाठी टाकली जातात. एका पाड्याने ज्या पक्ष्याला ताट वाढायचं, त्याच्या घरापुढून त्याच तालुक्यात दोर ओढायचा, हा विनोद सरकारी फायलीत कुणाच्या लक्षात येत नाही.

‘स्वित्झर्लंडला बघा’ हे पालुपद या चर्चेत नसेल तर चर्चा पूर्ण होत नाही. बघूच. युंगफ्राउच्या खिंडीपर्यंत रेल्वे १९१२ मध्ये गेली, ती सगळे दाखवतात. पण त्याच स्वित्झर्लंडमध्ये, त्याच काळात, मॅटरहॉर्नच्या शिखरावर रेल्वे न्यायची योजना आली होती. लोकांनी सत्तर हजारांच्या घरात सह्या गोळा केल्या आणि ती योजना बारगळली. आज मॅटरहॉर्नचं चित्र जगभर विकून तो देश पैसा कमावतो, आणि त्या टोकावर स्टेशन नाही. स्विस लोकांनी कुठे न्यायची आणि कुठे नाही, हे डोंगर बघून ठरवलं. आपल्याकडे यादी आधी निघते आणि मग तिच्यात डोंगर भरले जातात. साल्हेरच्या बाबतीत माझ्या पोटात गोळा येतो तो याचसाठी. बागलाणातला हा १,५६७ मीटरचा किल्ला जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला. आनंद झालाच. पण आता त्यालाही ‘सोय’ लागेल.

रोजगाराच्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही, कारण तो मांडणारेही फार वेळ घालवत नाहीत. ‘स्थानिकांना रोजगार’ एवढं म्हणून पुढे जातात. डोंगराखालच्या गावाला पैसा कशाने मिळतो? चढणारा माणूस दमतो, भुकेजतो, मुक्काम करतो, वाट विचारतो, याने. कळसूबाईच्या पायथ्याच्या बारीत घराघरांतून पिठलं-भाकरी मिळते. अलंग-मदन-कुलंगसाठी आंबेवाडीची पोरं दोर बांधतात, साम्रदची माणसं सांदण दरीत नेतात. ही सगळी कमाई चढणीच्या कष्टावर उभी आहे. केबिनमध्ये बसलेला पाहुणा गावाच्या डोक्यावरून जातो, तिकीट वरच्या कंत्राटदाराला देतो, चहा स्थानकातल्या ठेकेदाराकडे पितो आणि अंधार पडायच्या आत नाशिकला परततो. गावाच्या वाट्याला वाहनतळावरची शिट्टी येते.

राहता राहिला आरोप ट्रेकर मंडळींवरचा: डोंगर घाण तुम्हीच केला, आणि आता उपदेश आम्हाला? हा आरोप खरा आहे. तो परतवायचा मी प्रयत्न करणार नाही. मी त्याचा शेवट तेवढा वेगळा वाचतो.

हरिहर किल्ला बघा. कातळात खोदलेला तो उभा जिना. १८१८ मध्ये कॅप्टन ब्रिग्जने त्र्यंबकच्या मुलखातले किल्ले घेतले तेव्हा त्या पायऱ्यांचा उभेपणा शब्दांत सांगता येत नाही, अशी कबुली त्याने लिहून ठेवली. आज त्याच पायऱ्यांवर पावसाळ्यातल्या रविवारी वर चढणारे आणि खाली उतरणारे एकमेकांत अडकतात. एकाचा पाय सुटला तर खालचे पन्नास जातील अशी दाटी. त्या दाटीची चित्रफीत सगळ्या महाराष्ट्राने मोबाइलवर बघितली आणि वनखात्याला माणसांच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली. कळसूबाईला तर शिडीखाली एकतीस डिसेंबरच्या रात्री रांग लागते. कळसूबाईची जुनी गोष्ट अशी सांगतात की कळसू नावाची कोळ्याची पोर डोंगराखालच्या इंदोरे गावात एका घरी कामाला राहिली. अट एकच: भांडी घासणार नाही, केरकचरा काढणार नाही. एकदा पाहुणे आले आणि तिला तेच काम सांगितलं. तिने ते निमूट केलं आणि त्यानंतर जी डोंगरावर गेली ती परत खाली उतरलीच नाही. तीच ही देवी. उष्टं काढायला लागू नये म्हणून जिने महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर गाठलं, तिच्या दारात आपण कुरकुऱ्यांची पाकिटं, थर्माकोलची ताटं आणि पाण्याच्या बाटल्या टाकून येतो. ती गोळा करायला बारीतली पोरं पोती घेऊन चढतात.

तर आरोप मान्य. पण यातून निष्कर्ष काय निघतो? चढण आहे, दम लागतो, कातळ उभा आहे, तरीही हरिहरची ही गत होते. मग चढणच काढून टाकली तर काय होईल? ट्रेकरच्या कचऱ्याकडे बोट दाखवून दोराचं समर्थन करणाऱ्यांनी या प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे. माझ्या मते या आरोपातून निघते ती एकच मागणी: मर्यादा, आणि ती सगळ्यांवर. अंजनेरीवर रविवारी किती माणसं जाऊ शकतात हे ठरवा. त्या आकड्यात गिर्यारोहण संस्थांचे गटही मोजा, पुण्या-मुंबईहून बस भरून येणारे व्यावसायिक आयोजकही मोजा, मलाही मोजा. जागा संपली असेल तर मी पायथ्यावरून परत जाईन आणि शिव्या घालणार नाही. कंदीलपुष्पाच्या दिवसांत वरचं पठार काही आठवडे बंद ठेवायचं ठरलं तर तेही ठेवा. मात्र दर जुलैत एखादा अपघात झाला की जिल्ह्यातले सगळे गड, सगळे धबधबे सरसकट बंद करणारा आदेश निघतो, तशी आळशी बंदी नको. कोणती वाट कोणत्या पावसात धोक्याची, हे गावातल्या माणसाला माहीत असतं. तो आदेश काढणाऱ्या टेबलाला माहीत नसतं.

‘सिंहस्थ तोंडावर आहे, त्याआधी हे व्हायला हवं’ अशी घाई आता लावली जाते. २०२७ चा सिंहस्थ त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्तातल्या स्नानाचा आहे. अंजनेरीचा माथा गाठल्याशिवाय पर्वणी पुरी होत नाही, असं कुठल्याही आखाड्याने म्हटल्याचं मला ठाऊक नाही. हनुमानाच्या जन्मस्थानावरून आपलं किष्किंधेच्या आणि तिरुमलाच्या मंडळींशी भांडण चालू आहे. २०२२ मध्ये नाशिकच्या धर्मसभेत ते हमरीतुमरीवरही आलं. त्या भांडणात आपली बाजू बळकट करायला रोपवे लागतो, असं कुणाला वाटत असेल तर तसं उघड म्हणावं. तपोवनातल्या झाडतोडीच्या वादावरून सिंहस्थाच्या नावाने काय काय करता येतं, हे नाशिकने नुकतंच पाहिलं आहे.

वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने संवर्धन राखीव क्षेत्रांची तरतूद आली. अशा क्षेत्राला एक व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी असावा लागतो. अंजनेरीचं काय करायचं याचं व्यासपीठ मंत्रालयात शोधायची गरज नाही, ते कायद्याने डोंगराच्या पायथ्याशीच दिलं आहे. घळीतल्या पायऱ्यांची डागडुजी, कठडे, पिण्याचं पाणी, डोली आणि स्ट्रेचर, रविवारचा आकडा: हे सगळं एका हिवाळ्यात होण्यासारखं आहे. आणि दोराचा आग्रह सुटतच नसेल तर समितीने बाकी सगळे अहवाल बाजूला ठेवून एकच नकाशा मागवावा. वरच्या दोन्ही स्थानकांत दिवसाला चार हजार माणसांसाठी किती शौचालयं असतील, एप्रिलमध्ये त्यांना पाणी कुठून येईल, आणि त्यातून निघालेलं पाणी ब्रह्मगिरीच्या कुठल्या अंगाने खाली जाईल, हे त्यात रेघ मारून दाखवलेलं असावं. पूर्वेला उतरलं तर ते गोदावरीत जातं, म्हणजे कुशावर्तात आणि पुढे रामकुंडात. पश्चिमेला उतरलं तर वैतरणेत, म्हणजे मुंबईच्या नळांत.